मांडीवरचं आणि तळातलं

दत्तारामच्या तरीला एक रिवाज होता. खाडी ओलांडायला आलेल्या माणसाने आपलं बोचकं मांडीवर धरलं तर ते त्याचं. भिजो, फुटो, पाण्यात जावो, तरीवाल्याला बोल लावायचा नाही. पण दत्तारामने "काय हाय?" असं विचारलं, उतारूने काय आहे ते सांगितलं आणि दत्तारामने हात लावून ते होडीच्या तळात ठेवलं, की पलीकडच्या धक्क्याला होडी टेकेपर्यंत ते दत्तारामचं. त्याचा बाप असंच करायचा, बापाचा बापही असंच करायचा. सामान तळात ठेवताना तो हात कपाळाला लावायचा, देवळात लावतात तसा.

त्याच्या बायकोच्या, आवडाबाईच्या डोळ्यात हा रिवाज कुसळासारखा सलायचा. एकदा एका मास्तरांचा रेडिओ लाटेखाली भिजून मुका झाला, तर हा बाबा घरात आला आणि पितळेची कळशी उचलून मास्तरांना देऊन आला. कळशी आवडाच्या माहेरची. मास्तर नको नको म्हणत होते, तरी ह्याने ऐकलं नाही. त्या दिवशी आवडाने चूल पेटवली नाही आणि नवरा उपाशी झोपला. सकाळी उठून पुन्हा तरीवर गेला, जसं काही झालंच नव्हतं. वाडीत मात्र त्याचं नाव झालं. दत्ताराम म्हणजे शब्दाचा माणूस. नावाने पाणी भरता येत नाही, असं आवडा म्हणायची, पण ते घरात. बाहेर कोणी त्याला नाव ठेवलंच तर मासळीच्या पाटीवरचा कोयता हातात घेऊन उठायची.

त्या वर्षी रशियातला अणूचा कारखाना फुटल्याचं रेडिओवर सांगून झालं होतं. वाडीतल्या लोकांना रशिया म्हणजे मुंबईच्याही पलीकडे कुठेतरी, त्यामुळे दोन दिवस बोलले आणि विसरले. दिवाळी सरली होती, सकाळचं खाडीवर धुकं बसायला लागलं होतं. सून गंगा पोटाशी होती. मुलगा रघू मुंबईला गोदीत, त्यामुळे सगळं आवडाच्या अंगावर. गंगाचं माहेर पलीकडे हेदवीला. तिकडच्या गणपतीला नेऊन आणते, म्हणून आवडाने तिला तयार केली आणि दोघी धक्क्यावर आल्या.

धक्क्यावर एक जीप उभी. पलीकडे खाडीच्या तोंडाशी तेलाच्या टाक्या उभ्या करायचं काम चाललं होतं, तिथल्या कंपनीची. रस्त्याने जायचं तर सगळा डोंगर फिरून वळसा, म्हणून कंपनीची माणसं हल्ली तरीनेच यायची. जीपमधून एक पोरगा उतरला, पँट-शर्टातला, छातीला काळी डबी टाचलेली. देवरूखचा बाळा. मुंबईला राहून पान खायला शिकला होता, पण बोलणं घरचंच. त्याच्या पायाशी एक लोखंडी पेटी. पेटीवर पिवळा कागद आणि कागदावर काळी तीन पाती. आवडाला वाटलं आत पंखा असणार.

दत्तारामने विचारलं, "काय हाय?"

"लोखंड हाय तात्या. यंत्राचा."

दत्तारामने हात लावला. पेटी आकाराच्या मानाने भलती जड, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी धरली. ओहोटी लागली होती, खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, शेवाळ नुसतं तेल ओतल्यासारखं चमकत होतं. आवडा वरून बघत होती. नवऱ्याचा उजवा पाय सरकला. पेटी हातातून सुटली आणि चिऱ्याच्या कोपऱ्यावर आपटली. पेटीच्या कुशीत एक पितळी मूठ होती, ती वाकडी झाली.

बाळाचं तोंड एकदम पांढरं पडलं. तो खाली वाकला, मूठ इकडेतिकडे फिरवून बघितलंन, बोटाने काहीतरी आत दाबलंन, मग उठला आणि म्हणाला, काय नाय, चला. चला म्हणाला, कारण जीपवाला तोवर निघून गेला होता आणि पलीकडे त्याची वाट बघत होते, हे आवडाला कळण्यासारखं होतं. पोरगा घाबरला होता. मोठ्या माणसाला घाबरलेला पोरगा आवडा बरोबर ओळखायची.

पेटी तळात मधोमध गेली. दत्तारामने कपाळाला हात लावला.

आता तरीत एक पद्धत होती. पोटुशी बाई असली की तिला फळीवर बसवायचं नाही. फळी कडेला, तिथे हिसके बसतात. तळात पाणी साचतं. म्हणून मधोमध जे काय उंच सामान असेल, तांदळाचं पोतं म्हणा, ट्रंक म्हणा, त्यावर तिला बसवायचं. तिथे होडी कमी हलते आणि लुगडं कोरडं राहतं. कोणी सांगायला लागत नाही, बायका आपसूक सरकतात. आवडाने बाजारात बसायचं आपलं गोणपाट घेतलं, चौघडी केली, त्या पिवळ्या कागदावर नीट पसरली आणि म्हणाली, बस गंगा.

बाळाने तोंड उघडलं. "काकी, थयसर, पेटीवर..." एवढंच. मग होडीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने ते गिळलं. आवडाने त्याचं उघडलेलं तोंडही बघितलं आणि मिटलेलंही. तिला वाटलं, कंपनीच्या सामानावर बसलेलं चालत नसेल. बसेल माझी सून, तुझ्या कंपनीचं काय झिजतं?

पुतण्या धाकू पुढच्या वल्ह्यावर, दत्ताराम मागे. पाणी उलटं होतं. एरवी विडी संपेस्तोवर पलीकडे, पण त्या दिवशी पाण्याच्या ओढीत खाडी काही केल्या सरेना. गंगा पेटीवर बसून पोटावर हात ठेवून पाण्याकडे बघत होती. खूश होती पोर, माहेरी जायची.

*

बाळा परत दिसला तेव्हा आवडा धक्क्याच्या वर मासळी घेऊन बसली होती. शेजारी तीन-चार जणी. भर दुपार, गिऱ्हाईक नाही, सगळ्या तोंडाने मोकळ्या. बाळाचा उजवा हात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. तो आवडाच्या पाटीसमोर उकिडवा बसला, बांगड्याला बोट लावलं, भाव विचारला नाही.

मग त्याने हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. त्या पेटीत एक बारीक दाणा असतो, तांदळाच्या कणीएवढा. टाक्यांचे सांधे नीट झालेत का ते त्या दाण्याच्या उजेडाने बघतात, डॉक्टर छातीचा फोटो काढतो तसं. तो उजेड दिसत नाही, त्याला वास नाही, चटका नाही. दाणा पेटीच्या पोटात शिशाच्या आड असला की काही भ्या नाही. पण पेटी पडली त्या दिवशी तो जागेवरून पुढे सरकला होता आणि मूठ वाकल्यामुळे मागे गेला नाही. छातीवरच्या डबीत तो उजेड टिपणारी फोटोची पट्टी असते, ती मुंबईला तपासायला गेली आणि काळीठिक्कर निघाली. आणि मूठ दाबली ती बोटं आता सोलून निघाली होती.

"रशियात फुटला तसला काय ता?" शेजारची एक विचारती झाली. कान तिकडेच होता तिचा.

बाळा म्हणाला, तेवढं नव्हे गो. पण जात एकच.

मग त्याने आवडाकडे बघून विचारलं. "काकी, पेटीवर ती पोर बसली व्हती, ती कोण?"

आवडाने आधी आजूबाजूला बघितलं. चौघी बायका तिच्याकडे बघत होत्या. ग्रहणात भाजी चिरली म्हणून एकीच्या पोराच्या कानाला वीस वर्षं नावं ठेवणाऱ्या बायका ह्या. ह्यांच्या तोंडात गंगाचं पोट एकदा गेलं की ते पोर जन्मायच्या आधीच विषाचं ठरणार. हेदवीला बातमी होडीच्या आधी पोचणार.

"कोण पोर?" ती म्हणाली. "कोन बसला न्हवता."

बाळाने मान खाली घातली. पण घालायच्या आधी त्याच्या तोंडावर जे आलं ते आवडाने टिपलं. सुटलो, असं आलं. ते तिला त्याच्या सोललेल्या बोटांपेक्षा जास्त झोंबलं.

त्या दिवसापासून तिची नजर गंगावरून हलेना. गंगा केस विंचरायला बसली की ही फणीत किती केस आले ते बघायची. गंगा जेवली नाही तर हिचा घास अडकायचा. जास्त जेवली तरी अडकायचा. रात्रभर कूस बदलून सकाळी कावलेली उठायची आणि धाकूवर, कुत्र्यावर, चुलीतल्या ओल्या लाकडावर ओरडत सुटायची. गंगाला काही सांगितलं नव्हतं. पण पोर आंधळी नव्हती. एकदा तिने विचारलंच, आये, माझ्याकडे असं मेलेल्या माशासारखं काय बघता? आवडाने तिच्या हातातलं भांडं ओढून घेतलं आणि म्हणाली, गप बस. मग पडवीत जाऊन उगाच सुपातले तांदूळ निवडायला लागली. ते काल निवडलेलेच होते.

*

कंपनीचे साहेब आले ते वेलणकर. चष्मा, पांढरा शर्ट, गोड तोंड. पडवीत बसले, पाणी प्यायले, गुळाचा खडाही खाल्ला. दत्तारामशी असे बोलले जसा काही तोच कंपनीचा मालक. म्हणाले, मुंबईहून सरकारी बाई येणार आहेत चौकशीला. कायदा कडक आहे या सामानाचा. कोणाच्या हातून काय झालं ते त्या विचारतील. तुम्ही भ्यायचं नाही. जे खरं झालं तेच सांगायचं. तुम्ही रिवाजाप्रमाणे सामान हातात घेतलंत, तुमचा पाय सरकला. तुमच्या तरीचा रिवाज आम्ही रत्नागिरीपर्यंत ऐकून आहोत.

दत्ताराम फुलला आणि होय म्हणाला. आवडा उंबऱ्याआड उभी राहून ऐकत होती, तिला तो फुललेला दिसला. भरती लागल्यावर होडी चिखलातून सुटून वर येते ना, तसा.

उठताना वेलणकर म्हणाले, "कोणाला काही इजा नाही ना झाली? बाळा म्हणत होता, पेटीजवळ कोणी नव्हतं."

बाळाचं बाजारातलं बोलणं आवडाने दत्तारामच्या कानावर घातलं होतं; त्याने उंबऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, नाही.

साहेब गेल्यावर भांडण जुंपलं. आवडाने विचारलं, तुम्ही होय म्हणून बसलात, ते कशाला? तो म्हणाला, पाय माझा घसरला. तू बघितलास. खोटं बोलू काय? पाय त्याचाच घसरला होता आणि तिने बघितलं होतं. ती म्हणाली, आणि गंगाचं? तो म्हणाला, गंगाचं नाव कोणी काढायचं नाही. माझ्या तळातलं सामान होतं, त्याने जे काय होईल ते माझ्यावर. मी घेईन.

तो हे असं म्हणाला जसं काही एखादं पोतं उचलायचं आहे. आवडा त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर ह्या माणसाने दुसऱ्याचं ओझं उचललं आणि त्याची किंमत तिच्या घरातून गेली. एरवी तिने भांडी आपटली असती. त्या दिवशी आवाजच चढेना.

"रेडियोला कळशी दिलात," ती म्हणाली. "पोराला काय देणार?"

दत्ताराम उठला. बाहेर जाऊन वल्ह्याला तेल लावत बसला, अंधार पडेपर्यंत.

*

सरकारी बाई आल्या त्या कोणाच्या कल्पनेत नव्हत्या तशा. तरुण, सुती साडी, पायात रबरी बूट, खांद्याला चामड्याची पिशवी. नाव दमयंती कर्णिक. धक्क्यावर सगळी वाडी गोळा झाली होती. बाईंनी पिशवीतून एक यंत्र काढलं आणि होडीच्या तळावर, फळीवर, पायऱ्यांवर धरत गेल्या. यंत्र अधूनमधून टिक करायचं, बस. बाई म्हणाल्या, इथे काही उरलेलं नाही. पेटीबरोबर आलं, पेटीबरोबर गेलं. भिऊ नका. वाडीने सुस्कारा सोडला. आवडाला मात्र एकदम हायसं वाटलं आणि लगेच ते विझलं. तिने पुढे होऊन विचारलं, उगाच विचारल्यासारखं. बाय, माणसात उरतं काय, ते ह्या यंत्राला कळतं? बाई म्हणाल्या, नाही. माणसात उरत नाही, पण जाता जाता काय करून गेलं ते यंत्र सांगत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं. आणि तो माणूस किती वेळ, किती जवळ होता ते कळावं लागतं.

मग त्या म्हणाल्या, त्या दिवशीसारखी होडी पुन्हा न्यायची. पाणी तसंच हवं, ओहोटीचं. माणसं तीच हवीत. जो जिथे बसला होता तिथेच बसायचं. मी घड्याळ लावते आणि टेपने अंतर मोजते, म्हणजे कोणाला किती पोचलं त्याचा हिशोब मांडता येईल.

वेलणकर म्हणाले, एवढं कशाला? कोणी जवळ नव्हतंच. बाई म्हणाल्या, मग तेही दिसेल.

कंपनीने तशीच रिकामी पेटी आणली होती. पिवळा कागदही तसाच. बाळा आणि दत्तारामने ती पायऱ्यांवरून उतरवली. त्या वेळी दत्ताराम पायऱ्यांकडे बघत एकेक पाऊल असा टाकत होता की आवडाला बघवेना. पेटी तळात मधोमध बसली. दत्तारामचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

त्या दिवशीची माणसं बसायला लागली. मास्तर ह्या फळीवर, त्यांच्या शेजारी जयगडचा दुकानदार. एक म्हातारा पुढे. बाळा पेटीपासून हातभर. आवडा त्याच्या समोर. गंगा तिच्या बाजूला फळीच्या टोकाला बसली, कारण घरी तसंच ठरलं होतं. विचारलं तर इथेच बसले होते, असं सांगायचं. पोर बसली, पण फळीवर तिची जागा होती कुठे? मास्तर सरकले, आवडा सरकली, दुकानदाराचा एक पाय बाहेर आला. होडी एका अंगाला कलली. धाकू पुढून ओरडला, काकी, त्या दिवशी अशी कललेली नव्हती. दत्तारामने त्याच्याकडे जळजळीत बघितलं. धाकूने जीभ चावली.

बाई काही बोलल्या नाहीत. त्या कललेल्या होडीकडे बघत होत्या, मग त्या मोकळ्या पेटीकडे. वेलणकर धक्क्यावरून म्हणाले, चला, उशीर होतोय, ओहोटी निघून जाईल.

आवडाने गंगाकडे बघितलं. गंगा फळीच्या कडेला लटकल्यासारखी बसली होती, एका हाताने काठ धरून, दुसऱ्या हाताने पोट धरून. आणि धक्क्यावर सगळ्या उभ्या. बाजारातल्या त्या चौघी पुढेच. इथे गप्प राहिलं तर काम सोपं होतं. बाई मोजून जातील, कोणी जवळ नव्हतं असं ठरेल, कंपनी सुटेल, दत्ताराम आपल्या पायाचं पाप कपाळी लावून घेईल आणि वाडी त्याला आणखी मोठा म्हणेल. आणि गंगाच्या पोटात काय झालंय ते कोणीच बघणार नाही. पोर आलं की मगच कळेल, चांगलं की वाईट. तोवर ही अशीच फणीतले केस मोजत बसणार.

तिने पाटीखालचं गोणपाट ओढलं. चौघडी केली. पेटीवर, पिवळ्या कागदावर, नीट पसरली. घडी सरळ बसली, त्या दिवशी बसली होती तशीच.

"ऊठ गंगा," ती म्हणाली. "तुझ्या जाग्यावर बस."

दत्ताराम मागे वल्ह्यावर ताठ झाला, आवडे, एवढंच म्हणाला. गंगा सासूकडे बघत राहिली, मग उठली, आणि पेटीवर जाऊन बसली. होडी सरळ झाली.

वेलणकरांचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता. ते म्हणाले, पेटीवर धोक्याचा कागद होता. ह्या बाईने तो गोणपाटाने झाकला आणि सुनेला त्यावर बसवलं. तरीवाल्याच्या हातून पेटी पडली, तो स्वतः कबूल करतो. ह्यात कंपनीचा दोष कुठे आला?

दत्ताराम मागून म्हणाला, खरं आहे. माझ्या हातात होती. माझी.

कर्णिक बाईंनी टेप गुंडाळली. त्या चिडल्या नव्हत्या, पण आवाज असा की जीपजवळचा ड्रायव्हरही वळला. त्यांनी बाळाला विचारलं, आत काय आहे ते तू तरीवाल्याला सांगितलंस? बाळाने मान हलवली. काय सांगितलंस? लोखंड, तो म्हणाला. आणि ही बाई बसत होती तेव्हा? त्याने सोललेली बोटं फडक्यात मुडपली आणि आवडाकडे बघितलं. "तोंड उघडलान, बाय," आवडा म्हणाली. "पन बोलला न्हाय."

मग बाईंनी वेलणकरांना सांगितलं. परवाना तुमच्या कंपनीच्या नावावर आहे. हे सामान उतारूंच्या होडीतून न्यायची परवानगी तुम्हाला कोणी दिलेली नाही. पडली तरी दाणा जागचा हलणार नाही अशी पेटी ठेवणं तुमचं काम. जो पाठवतो त्याची जबाबदारी. वाटेत कोणी पाडली, कोणी झाकली, कोणी बसलं, त्याने ती दुसऱ्याच्या गळ्यात जात नाही. ह्या मुलीची सगळी तपासणी मुंबईला, बाळंतपण होईपर्यंत आणि त्यानंतरही, तुमच्याकडून.

"आनि माझा?" दत्तारामने विचारलं.

बाई त्याच्याकडे वळल्या. त्यांना वाटलं माणूस घाबरलाय, म्हणून त्या मऊ आवाजात बोलल्या. "तुमचं काही नाही, दत्ताराम. पाय कोणाचा घसरला याच्याशी कायद्याला घेणं नाही. तुम्ही मोकळे."

आवडाने नवऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की सुटका झालेल्या माणसाचा चेहरा हा नव्हे. त्याच्या हातातून कोणीतरी वल्हं काढून घेतल्यासारखा तो उभा होता. मोकळा. त्याने घसा खाकरला, खाडीत थुंकला आणि होडी लोटली, कारण बाईंचं घड्याळ सुरू झालं होतं. पाणी उलटंच होतं. गंगा पेटीवर बसून पूर्ण वेळ रडत होती, आवाज न करता, आणि आवडा समोर बसून तिच्या गुडघ्यावर हात ठेवून होती. पलीकडे पोचल्यावर बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. आवडाने विचारलं, किती झालं, जास्त की कमी? बाई म्हणाल्या, मध्ये कुठेतरी. कदाचित काही होणार नाही. कदाचित, असं म्हणाल्या.

*

मग जे व्हायचं ते झालं. बाजारात आवडाच्या पाटीकडे बायका वळेनात. तोंडाने कोणी काही म्हणत नव्हतं. फक्त दुसरीकडून घ्यायच्या. एकीने बांगडा उचलला, मग आठवल्यासारखा परत ठेवला आणि बोटं पदराला पुसली. आवडा म्हणाली, पूस, नीट पूस, नायतर तुझा नवरा रात्री उजेड पाडील. बाई पळाली. आवडा हसली नाही.

गंगाच्या माहेरून निरोप आला, पोरीला इकडे पाठवू नका, तिकडेच बघा. गंगाने ऐकलं आणि पाणी शेंदायला गेली. त्यानंतर दोघींमध्ये फार बोलणं नव्हतं. एकदा विहिरीवर गंगा म्हणाली, आये, तुम्ही मला सगळ्यांसमोर बसवलंत. आवडा म्हणाली, व्हय. गंगा म्हणाली, पहिल्यांदाही तुम्हीच बसवलंत. आवडा म्हणाली, व्हय गो. मग दोघींनी एकेक कळशी उचलली, मातीचीच, आणि चढ चढायला लागल्या.

दत्तारामने रिवाज सोडला. कोणाला सांगितलं नाही, पण उतारू बोचकं पुढे करायचा तेव्हा तो दुसरीकडे बघायचा. मांडीवर घ्या, म्हणायचा. एक म्हातारा म्हणाला, अरे दत्ता, माझी मांडी कुठे राहिलीय आता? तर म्हणाला, मग पायाशी ठेवा, पण तुमचं तुम्ही. काय आहे, ते विचारणं तर त्याने बंदच केलं. तरीत शांत असायचं, वल्ह्याचा आवाज तेवढा. आवडाला इतकी वर्षं हा रिवाज जावासा वाटत होता. आता गेला, तर तिला घरात एक माणूस कमी झाल्यासारखं वाटायला लागलं.

गंगाला मुंबईला न्यायचा दिवस आला. कंपनीची जीप आता तरीच्या वाटेला येत नव्हती, कर्णिक बाईंनी तसं बजावलं होतं. ती पलीकडच्या वाटेने फिरून येणार आणि तिकडच्या धक्क्यावर थांबणार. रघू मुंबईला स्टँडवर येणार होता. आवडा बरोबर जाणार होती. निघताना गंगाला पोट एवढं आलं होतं की पायरी दिसत नव्हती. तिच्या हातात एक बोचकं, जुन्या लुगड्याचं. वाडीतल्या दोघी-तिघी धक्क्यावर येऊन उभ्या राहिल्या. लांबच, पण आल्या.

दत्ताराम होडीत उभा, नजर पाण्यावर.

गंगाने बोचकं पुढे केलं. तो म्हणाला, मांडीवर घे पोरी.

"मांडीवर जागा न्हाय, बाबा," गंगा म्हणाली. बोचकं तसंच पुढे धरून ती थांबली. हात दुखायला लागला असणार, पण तिने खाली घेतला नाही.

आवडा पायरीवर होती. तिच्या जिभेवर चार शब्द आले आणि तिने ते, आयुष्यात कधी नव्हे ते, मागे ढकलले.

दत्तारामने पाण्यावरची नजर बोचक्यावर आणली. मग त्याने विचारलं. "काय हाय?"

"लंगोट हायत. नि एक टोपरा. आयेनं शिवलान."

त्याने हात पुढे करून बोचकं घेतलं. कपाळाला हात लावला नाही. तळात बघितलं, तिथे थोडं पाणी साचलं होतं. मग त्याने मागचं वल्हं धाकूला दिलं, जे त्याने कधी कोणाला दिलं नव्हतं, आणि स्वतः मधल्या फळीवर बसला. बोचकं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं.

धाकू अजून कच्चा होता. होडी वाकडीतिकडी चालली, लाट काठावरून आत आली, आवडाचं लुगडं भिजलं. कोणी धाकूला बोललं नाही.